पंप ओढत नाही, हवा ढकलते

कोलोराडोतल्या पुतण्याने जुनं मोटरहोम विकत घेतलं. हिवाळाभर ते अंगणात उभं होतं. बर्फ वितळल्यावर पहिल्याच सहलीत त्याचा व्हिडिओ कॉल आला : टाकी भरलेली, पंप घरघरतोय आणि नळाला थेंब नाही. "काका, पंप गेलाय. नवीनच मागवतो." हे निदान सर्रास केलं जातं, आणि चांगले पंप भंगारात जातात. मोटर फिरत असेल तर आधी पंपाच्या अलीकडे बघावं, म्हणजे टाकी ते पंप या हातभर नळीकडे.

चाकांवरच्या या घरात पलंगाखाली कुठेतरी पाण्याची टाकी असते आणि तिच्याजवळ १२ व्होल्टवर चालणारा, वीतभर लांबीचा डायफ्रॅम पंप. आत एक रबरी पडदा मागेपुढे हलतो. मागे गेला की कप्प्यातली जागा वाढते आणि दाब उतरतो. टाकीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा दाब मात्र तसाच असतो, आणि तोच पाण्याला नळीतून वर ढकलतो. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो खरं, पण तो फक्त जागा करून देतो. ओझं हवा वाहते. साधारण १० मीटरपेक्षा खोल पाणी वरच्या पंपाने का चढत नाही, या कोड्याची नोंद गॅलिलिओने १६३८मध्ये केली होती. हवेला वजन आहे हे टॉरिचेलीने पाऱ्याच्या नळीने दाखवलं, आणि १६४८मध्ये पास्कालच्या मेहुण्याने तीच नळी डोंगरावर नेली तेव्हा पारा खाली उतरलेला दिसला.

आता माझा आवडता भाग, थोडं गणित सोसा. पडदा पूर्ण पुढे आला तरी कप्प्यात थोडी जागा उरतेच. समजा ती ४ भाग आहे आणि पडदा मागे गेल्यावर त्यात १ भागाची भर पडते. कप्प्यात नुसती हवा असेल तर बॉइलच्या नियमाप्रमाणे (जागा जितक्या पट वाढते तितक्या पट हवेचा दाब घटतो) दाब मूळच्या चार-पंचमांशावर येतो, त्याखाली नाही. म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या एक-पंचमांश फरक मिळाला. पूर्ण दाबावर पाणी १० मीटर चढतं, तर तेवढ्यावर जेमतेम २ मीटर. आकडे सोयीचे घेतले आहेत, पण अशा पंपांच्या माहितीपत्रकात कोरड्या पंपासाठी १.८ मीटरच्या आसपासची मर्यादा छापलेली असते, ती काही उगाच नाही. कोलोराडोतल्या लेडव्हिलसारख्या ३,१०० मीटर उंचीवरच्या गावात हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७० टक्क्यांच्या आसपास असतो. तिथे आपले २ मीटर १.४ होतात. कप्प्यात एकदा पाणी भरलं की हा घोळ संपतो, कारण पाणी हवेसारखं फुगत नाही. विहिरीवरच्या मोटारीत बादलीभर पाणी ओतून मगच बटण दाबणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. त्याचा पंप वेगळ्या जातीचा, पण भांडण याच हवेशी.

याच गणिताची दुसरी बाजू : दाबताना हवेचा दाब फार तर सव्वापट होतो. पुढच्या नळीत आधीच दाब कोंडलेला असेल तर ही हवा बाहेरची झडप उघडू शकत नाही, आतच फुगत-आक्रसत राहते. म्हणून हवा धरलेला पंप सुरू करताना एक नळ उघडा ठेवायचा.

आणि गळती? पंपाच्या पुढची नळी फुटली तर पाणी उडतं, ते कुणालाही दिसतं. अलीकडच्या नळीत पंप चालताना दाब बाहेरच्यापेक्षा कमी, त्यामुळे चिरेतून हवा आत शिरते. शहाळ्याच्या स्ट्रॉला भोक पडलं की कितीही गाल आत ओढा, तोंडात हवाच येते, तसंच हे. लोक टॉर्च घेऊन ओल शोधत बसतात आणि सगळं कोरडं बघून पंपाला दोष देतात. पंपाच्या तोंडाशी गाळणीची पारदर्शक वाटी असते, तिच्याकडे बघा. बुडबुड्यांची माळ अखंड चालू असेल तर हवा शिरतेय. पुतण्याच्या वाटीला केसाएवढी चीर होती. हिवाळ्यात आत राहिलेलं पाणी गोठलं, गोठताना ९ टक्क्यांनी वाढलं आणि प्लास्टिक तडकलं.

ही शंका पक्की करायला टाकीकडची नळी काढायची, हातभर नवी नळी पंपाला जोडून दुसरं टोक बादलीत सोडायचं. पाणी आलं तर पंप ठणठणीत आहे. नाही आलं तर झडपेत कचरा अडकला असेल. टाकीला भोकं पाडताना राहिलेला प्लास्टिकचा कीससुद्धा तिथे सापडतो. गोठणरोधक गुलाबी द्रव भरण्यासाठीची तोटी हिवाळ्यापासून तशीच फिरवलेली राहिली असेल, तर पंप टाकी सोडून रिकाम्या नळीतून हवा घेत बसतो. तीही बघून घ्या.

नळीतला दाब उतरला की दाबाचा स्विच पंप आपोआप सुरू करतो. सगळे नळ बंद असताना पंप रात्री मधूनच गुरगुरत असेल, तर कुठेतरी थेंब गळतोय किंवा पंपातली एकमार्गी झडप दाब धरत नाही.

अशा वेळी पाइपवर बसवायचं लोहचुंबक विकणारे हमखास भेटतात. बोअरचं जड पाणी मऊ करतो म्हणत ते आपल्याकडेही फिरतात. चुंबकाने पाण्यातलं कॅल्शियम कमी होत नाही. पैसे गाळणीवर घाला.

मोटर मुकीच असेल तर फ्यूज, मग दाबाचा स्विच, मग तारा. १२ व्होल्टला बारीक तार महागात पडते : दीड चौरस मिलिमीटरच्या तारेतून ७ अँपिअर जात असतील, तर जाऊन-येऊन १० मीटरमध्ये ०.८ व्होल्ट तिथेच जातात. घरच्या २३० व्होल्टमध्ये हे कळलंही नसतं. मल्टीमीटर पंपाच्या टोकांनाच लावा, आणि तोही पंपाचं बटण चालू असताना. वीज वाहत नसेल तर तारेत काही घटत नाही. मीटर खुशाल भरलेल्या बॅटरीचे १२.६ व्होल्ट दाखवेल.