वर सोनेरी, खाली कच्चं: ॲपल कॉब्लरच्या पोटातलं विज्ञान

पहिल्यांदा ॲपल कॉब्लर केला तेव्हा ओव्हनमधून निघालेलं भांडं बघून मी स्वतःवरच खूश झालो होतो. पिठाचे गोळे फुगून सोनेरी झालेले, कडेच्या फटींतून रस बुडबुडतोय, दालचिनीचा वास घरभर. मग चमचा खोल घातला. गोळ्याच्या तळाशी बोटभर जाडीचं पांढरट, चिकट, कच्चं पीठ. त्याखाली सफरचंदाचा लगदा आणि लगद्याखाली चक्क पाणी. पाककृतीत लिहिलं होतं तेवढी मिनिटं मी घड्याळ लावून मोजली होती, त्यामुळे चूक माझी की कृतीची हेही कळेना.

कॉब्लर हा अमेरिकेतला पदार्थ. ‘पाय’ (pie) या भाजलेल्या पदार्थाला असतं तसं पिठाचं अस्तर याला खालून नसतं. खोलगट भांड्यात फळांच्या फोडी, त्यांवर चमच्याने सोडलेले ओबडधोबड गोळे, आणि भांडं थेट ओव्हनमध्ये. शरद ऋतूत सफरचंदं उतरली की तिथे घरोघरी होणारा, कुणीही सहज करावा असा पदार्थ. मात्र त्या एका भांड्यात दोन वेगळी हवामानं नांदतात, आणि माझी सगळी फजिती त्यातून झाली होती.

ओव्हन १९० अंश सेल्सिअसवर असला तरी फळांचा थर १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. त्यात पाणी आहे. जोवर पाणी आहे तोवर जादा उष्णता वाफ करण्यात खर्च होते. वरचा पृष्ठभाग मात्र सुकतो, आणि सुकला की त्याचं तापमान १४० अंशांच्या पुढे सरकतं. तिथे पिठातली प्रथिनं आणि साखर यांची ती प्रसिद्ध प्रक्रिया वेगाने सुरू होते, जिचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये केलं. सोनेरी रंग आणि भाजका वास तिच्यातून येतो. म्हणजे कॉब्लरचा गोळा वरून भाजला जातो आणि खालून वाफवला जातो. वरचा रंग वरची बातमी देतो, खालची नाही. मी रंग बघून भांडं बाहेर काढलं होतं.

आता सफरचंदाकडे. ताज्या सफरचंदाच्या आकारमानाचा जवळपास चौथा हिस्सा नुसती हवा असते, पेशींमधल्या पोकळ्यांत भरलेली. म्हणून सफरचंद पाण्यावर तरंगतं. तापल्यावर ही हवा निसटते, फोडी बसतात, आणि शिगोशीग भरलेलं भांडं अर्ध्या तासात खाली जातं. वरचा पिठाचा थर एव्हाना घट्ट झालेला असेल तर मध्ये पोकळी राहते.

पेशी एकमेकींना धरून ठेवतं ते पेक्टिन. उकळीच्या जवळ ते विरघळू लागतं, पेशी सुट्या होतात आणि फोडीचा लगदा होतो. कोणत्या जातीचा किती लवकर, यात मोठा फरक आहे. ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकात मारिया ॲन स्मिथ यांच्या बागेत उगवलेलं हिरवं, आंबट ग्रॅनी स्मिथ आकार धरून राहतं. कॅनडातलं मॅकिन्टॉश तितक्याच वेळात सॉस होऊन जातं. कच्चं खायला ते छान, पण कॉब्लरला नको. माझं मत विचाराल तर एकच जात वापरूच नये. आंबट, टणक फोडी जास्त आणि एखादं मऊ, गोड सफरचंद, म्हणजे रसालाही अंग येतं.

कॉब्लर शरदातच का, याला सवयीपलीकडचं कारण आहे. सफरचंद तोडल्यावरही श्वास घेत राहतं. त्या श्वसनात त्याची साखर खर्च होते आणि मॅलिक आम्लही. सफरचंदाला आंबटपणा देणारं हे आम्ल रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी १७८५ मध्ये सफरचंदाच्याच रसातून वेगळं केलं होतं. शीतगृहात ऑक्सिजन काही टक्क्यांवर आणून हा श्वास मंदावता येतो, म्हणून वर्षभर सफरचंदं मिळतात; पण मंदावतो, थांबत नाही. महिनोन् महिने ठेवलेलं फळ चवीला सपक होत जातं आणि त्याची फोडही लवकर ढिली पडते. शरदात झाडावरून नुकतंच उतरलेलं फळ आंबटपणात आणि टणकपणात भक्कम असतं. इतर दिवसांत करायचा झाला तर मी लिंबाचा रस थोडा जास्त घालतो. कापलेल्या फोडी काळवंडू नयेत म्हणूनही तो हवाच: हवा लागताच जे विकर (एन्झाइम) फोडीला तपकिरी करतं, त्याचा वेग आम्लात मंदावतो.

लगद्यावर एक सुंदर तोड आहे, आणि ती फळाच्या आतच दडलेली आहे. सफरचंदात एक विकर असतं, जे साधारण ६० ते ७० अंशांदरम्यान जोमाने काम करतं. ते पेक्टिनच्या रेणूत असा बदल घडवतं की फळातलंच कॅल्शियम दोन रेणूंना एकमेकांशी जखडून टाकू शकतं. अशी जखडलेली फोड पुढे उकळीतही सहजासहजी विरघळत नाही. त्याहून जास्त तापमानात विकरच निकामी होतं आणि संधी जाते. म्हणून फोडींना साखर, लिंबू, दालचिनी चोळून जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून अगदी मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं राहू द्यायचं. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर ६५च्या आसपास ठेवायचं. नसेल तर रसातून वाफ येतेय पण एकही बुडबुडा नाही, इतपत. गंमत अशी की थोडं शिजवून घेतलेलं सफरचंद पुढे न शिजवलेल्यापेक्षा जास्त टणक राहतं. मला हे वाचून पटलं नव्हतं, करून पाहिल्यावर पटलं.

साखरेमुळे एव्हाना फोडींतून भरपूर रस सुटलेला असतो. त्यात कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवून घालायचं आणि आता मात्र आच वाढवून एक खरी उकळी आणायची. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा स्टार्च; त्याचे कण ६०-७० अंशांना पाणी पिऊन फुगू लागतात, पण रस पुरता दाट व्हायला जवळजवळ उकळीच लागते. माझ्या पहिल्या भांड्यात कडा उकळत होत्या आणि मधला भाग कोमट होता. तळाशी पाणी राहिलं ते त्यामुळे. उलट, आंबट रसात स्टार्च फार वेळ उकळत ठेवला तर आम्ल त्याच्या साखळ्या तोडतं आणि रस पुन्हा पातळ होतो.

गोळ्यांचं पीठ साधं: मैदा, बेकिंग पावडर, मीठ, जराशी साखर, फ्रिजमधून थेट काढलेल्या लोण्याचे छोटे तुकडे आणि ताक. लोणी मैद्यात बोटांनी भराभर चुरायचं, पण वाटाण्याएवढे तुकडे शिल्लक ठेवायचे. ओव्हनमध्ये ते वितळले की त्यांच्या जागी पोकळी राहते आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ तिला फुगवते. ताक घातल्यावर जेमतेम एकजीव होईल इतकंच हलवायचं. जास्त मळलं तर ग्लुटेनची, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांची, जाळी चिवट होते आणि गोळा चावावा लागतो.

बेकिंग पावडर हे अमेरिकन स्वयंपाकघराला रसायनशास्त्राकडून मिळालेलं देणं. हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ एबेन हॉर्सफर्ड यांनी १८५६ मध्ये कॅल्शियम फॉस्फेटवर आधारलेल्या कोरड्या आम्लाचं पेटंट घेतलं, त्यातून पुढे ही पावडर घडली. हल्लीची बहुतेक पावडर दोनदा वायू सोडते: थोडा ओलावा लागताच, उरलेला उष्णता लागल्यावर. त्यामुळे पीठ भिजवून फोनवर बोलत बसायची सोय नाही.

गार फळांवर पीठ सोडलं की त्याचा तळ आधी फळं तापण्याची वाट बघतो, आणि तोवर वरचा भाग रंगून मोकळा होतो. फळं उकळती असतील तर गोळ्याला खालूनही पहिल्या मिनिटापासून वाफ मिळते. यात तोटा एवढाच की तळाचं लोणी लगेच वितळतं; म्हणून सगळे गोळे मिनिटभरात सोडून भांडं ओव्हनमध्ये ढकलायचं. गोळ्यांत बोटभर फटी ठेवायच्या. वाफेला बाहेर पडायला त्याच वाटा असतात. सबंध थर पसरला तर वाफ खाली कोंडते आणि पीठ पिचपिचीत राहतं.

झालं की नाही ते मी आता रंगावरून ठरवत नाही. मधला, सगळ्यात जाड गोळा चमच्याने हळूच उचलून त्याची खालची बाजू बघतो. थर्मामीटर असेल तर गोळ्याच्या पोटात ९३ अंश दिसले की पुरे. वरचा रंग आधीच गडद झाला असेल तर भांड्यावर फॉइल सैल टाकून आणखी दहा मिनिटं.

त्यानंतर निदान अर्धा तास हात लावायचा नाही, आणि हा भाग मला अजूनही जमत नाही. गरम असताना रस पातळच दिसतो. निवताना स्टार्चच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि रस फोडींना धरून बसतो. घाईने वाढलेला पहिला वाडगा म्हणून नेहमी जरा पातळ निघतो. तो मी स्वतःकडे ठेवतो.