गिअरबॉक्सवरचा नंबर आणि जर्मनीचे रणगाडे

जून १९४० मध्ये जर्मनीने किती रणगाडे बनवले? दोस्त राष्ट्रांच्या हेरखात्याचा अंदाज होता १,०००. रणगाड्यांवरच्या क्रमांकांवरून संख्याशास्त्रज्ञांनी काढलेला अंदाज १६९. युद्धानंतर जर्मन कागदपत्रे हाती आली तेव्हा खरा आकडा निघाला १२२. ऑगस्ट १९४२ साठी हेच आकडे १,५५०, ३२७ आणि ३४२! शत्रूची गुपिते फक्त हेरच काढून आणतात, हा समज यापुढे टिकत नाही.

हे काम १९४३ च्या सुरुवातीला लंडनमधल्या अमेरिकी वकिलातीच्या आर्थिक युद्ध विभागाने हाती घेतले. जर्मन कारखाने इंजिन, चासी, गिअरबॉक्स अशा प्रत्येक भागावर क्रमांक ठोकत. विमानाच्या इंजिनांवरही ते असत, आणि ब्रिटनमध्ये कोसळलेल्या विमानांच्या अवशेषांतून ते टिपले जात. रणगाड्यांच्या बाबतीत गिअरबॉक्स सर्वांत उपयोगी ठरला, कारण त्याच्या क्रमांकांत मध्येच खंड नव्हता.

आता खरी गंमत. समजा पाच क्रमांक सापडले: २३, ७१, ११८, १६४, २०४. एकूण किती बनले असतील? सरासरी काढून दुप्पट करावी, हे पटकन सुचते. पण ५, ९, १२, २०, २०४ असे सापडले तर? सरासरी ५०, दुप्पट १००. आणि २०४ क्रमांकाची वस्तू तर समोर उभी आहे!

म्हणून मोकळ्या जागांकडे पाहायचे. पाच क्रमांक १ पासून कारखान्याने ठोकलेल्या शेवटच्या क्रमांकापर्यंतच्या रांगेचे सहा तुकडे करतात. पाच तुकडे आपल्याला दिसतात, सहावा, म्हणजे २०४ च्या पुढचा, दिसत नाही. क्रमांक कुठल्याही पक्षपाताशिवाय सापडले असतील, तर सहावा तुकडा इतरांपेक्षा लहान किंवा मोठा असण्याचे काहीच कारण नाही. २०४ पर्यंत न सापडलेले क्रमांक १९९. त्यांना पाचाने भागले की सुमारे ४०. तेवढे २०४ मध्ये मिळवा: २४४. एवढेच सूत्र!

याहून सुंदर गोष्ट अंदाजातल्या चुकीची. सरासरीवर आधारलेल्या पद्धतीत नमुने चौपट केले की चूक निम्मी होते. इथे ती जवळपास एक चतुर्थांशावर येते, कारण शेवटचा तुकडा नमुन्यांच्या संख्येच्याच प्रमाणात आखूड होत जातो. मूठभर क्रमांकांवर भरवसा ठेवता आला तो यामुळे.

अंकशास्त्राच्या नावाखाली लोकांना नावाचे स्पेलिंग बदलायला लावणाऱ्यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. आकड्यात स्वतःची कुठलीच शक्ती नसते. तो कारखान्यात क्रमाने ठोकला गेला, हीच काय ती माहिती. क्रम मोडला, मधले आकडे मुद्दाम गाळले, किंवा फक्त जुनेच रणगाडे हाती लागले, तर उत्तर चुकणारच.

जर्मनीच्या पँथर रणगाड्याच्या वेळी तर फक्त दोन रणगाड्यांच्या चाकांवरून काम भागले. चाकांवर साच्यांचे क्रमांक होते. त्यांवरून एकूण साचे किती, हे काढले. एका साच्यातून महिन्याला किती चाके निघतात, हे ब्रिटिश उत्पादकांना विचारले. फेब्रुवारी १९४४ साठी उत्तर आले २७० रणगाडे. प्रत्यक्षात बनले होते २७६.