वर्गात शुभार्थी: दाखवण्यापासून शिकवण्यापर्यंत

जून २००५ पासून ब्रिटनमध्ये मनोविकारतज्ज्ञ होऊ पाहणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने शुभार्थी आणि शुभंकर यांच्याकडून थेट शिकलंच पाहिजे, असा दंडक तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने, रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्सने घातला. (शुभार्थी म्हणजे आजार भोगलेली व्यक्ती, शुभंकर म्हणजे तिला सांभाळणारं घरचं माणूस. पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांत हे शब्द आता मुरले आहेत, म्हणून इथेही तेच वापरले आहेत.)

रुग्ण वर्गात त्याआधीही होताच. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात एकोणिसाव्या शतकातले मज्जाविकारतज्ज्ञ शार्को व्याख्यान देत, तेव्हा रुग्णाला समोर आणलं जाई. आंद्रे ब्रुइये यांनी काढलेल्या या वर्गाच्या १८८७ च्या चित्रात ब्लांश विटमन ही रुग्ण डोळे मिटून मागे कलली आहे, सहायकाने तिला सावरलं आहे आणि समोर बसलेले कोटवाले पुरुष पाहताहेत, टिपणं घेताहेत. तिला मात्र कोणी काही विचारत नाही. ‘केस दाखवणं’ हा आपल्याकडे आजही रुळलेला शब्दप्रयोग त्याच जातीचा.

बोलण्याचा हक्क मागण्याची सुरुवात वर्गाबाहेर झाली. ब्रिटिश पंतप्रधानांचे चिरंजीव जॉन पर्सिव्हल स्वतः वेड्यांच्या इस्पितळात राहून आले होते. १८४५ मध्ये अशाच माणसांसाठी इंग्लंडमध्ये जी संघटना उभी राहिली, तिच्या उभारणीत ते होते. नंतर मोठा खंड पडला. १९७३ मध्ये लंडनमध्ये मेंटल पेशंट्स युनियन निघाली, १९८५ ला ब्रायटनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत नेदरलँड्स आणि अमेरिकेतले संघटित रुग्ण ब्रिटिशांना भेटले आणि पुढच्याच वर्षी सर्व्हायव्हर्स स्पीक आउट ही रुग्णांची संघटना सुरू झाली.

शुभंकरांचा प्रवाह वेगळा. १९७० मध्ये एका वडिलांनी ‘द टाइम्स’मध्ये स्किझोफ्रेनिया झालेल्या मुलाबद्दल लिहिलं, त्याला आलेल्या प्रतिसादातून १९७२ मध्ये नॅशनल स्किझोफ्रेनिया फेलोशिप ही घरच्यांची संघटना उभी राहिली. दोन्ही प्रवाहांच्या मागण्या बऱ्याचदा एकमेकींना छेद देतात. आई-वडिलांना रुग्णालयात खाट हवी असते आणि डॉक्टरांकडून माहिती हवी असते. मुलाला मात्र सक्तीची भरती नको असते आणि आपली माहिती आपल्याला न विचारता घरच्यांना सांगितलेलीही नको असते. तरी सरकारी कागदांत ‘सेवा घेणारे आणि त्यांचे काळजीवाहू’ असं जोडनाव रूढ झालं. आमच्या मते या क्षेत्रातली सर्वांत महागात पडलेली सोय हीच. एकाच सत्रात दोघांना बसवलं की मुलगा गप्प होतो आणि आई त्याच्या वतीने बोलू लागते.

शिक्षणातली सक्ती आधी आली समाजकार्यात. २००२ मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्याने नव्या पदवीच्या अटी जाहीर केल्या, २००३ पासून पदवी सुरू झाली आणि विद्यार्थी निवडण्यापासून मूल्यमापनापर्यंत सेवा घेणाऱ्यांचा हात असणं विद्यापीठांवर बंधनकारक झालं. मग डॉक्टर आले, २०१० च्या मानकांतून परिचारिका आल्या, २०१४ पासून हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल या नियामक संस्थेने मानसशास्त्रज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ वगैरेंच्या अभ्यासक्रमांनाही हीच अट लावली.

अट आली आणि बहुतेक ठिकाणी ती सर्वांत स्वस्त मार्गाने पाळली गेली. एका तासाच्या सत्रात पाहुणा म्हणून आलेला शुभार्थी आपली कहाणी सांगतो, टाळ्या होतात. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये मांडलेल्या सहभागाच्या ५ पायऱ्यांच्या शिडीवर ही जेमतेम दुसरी पायरी. पाचवीवर शुभार्थी अभ्यासक्रम आखण्यात, विद्यार्थी निवडण्यात आणि गुण देण्यात बरोबरीचा असतो.

कहाणीचा तासही नीट करायचा तर कष्ट आहेत. आठवडाभर आधी भेटून काय सांगायचं यापेक्षा काय सांगायचं नाही, हे ठरवावं लागतं. एकाऐवजी दोघांना बोलवावं, नाहीतर एकाचा अनुभव हाच ‘रुग्णांचं मत’ होऊन बसतो. सत्र संपल्यावर पंधरा-वीस मिनिटं कुणीतरी सोबत बसावं आणि दुसऱ्या दिवशी फोन करावा. जुन्या जखमा बोलताना नाही, घरी गेल्यावर उघडतात. ऐनवेळी तब्येत बिघडली तर मानधन कापू नये. गुण द्यायला बसवलं असेल तर निकष आधी एकत्र ठरवावेत. नाहीतर पोराला नापास कशाला करा, म्हणून सगळ्यांनाच भरघोस गुण पडतात.

सर्वांत जास्त घोळ पैशाचा. सरकारी भत्त्यावर जगणाऱ्याचं मानधन ब्रिटनमध्ये उत्पन्न म्हणून मोजलं जातं. मर्यादेवर गेलं तर भत्त्यावरच गदा येते. शिवाय हा माणूस काम करू शकतो, असा अर्थ निघून चौकशी लागण्याची धास्ती वेगळी. म्हणून रक्कम नाकारणारे भेटतात आणि संस्था गिफ्ट व्हाउचर देऊन मोकळी होते. शेजारच्या खोलीत विद्यार्थ्यांच्या सरावासाठी रुग्णाचं सोंग करणाऱ्या नटाला मात्र ठरलेला दर मिळतो.

भारतात गंगा उलटी वाहिली. इथे आधी घरचे आले. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णांसोबत राहायला लावलं. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन १९९७ मध्ये स्थापन करणारे डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडात स्थायिक झालेले संख्याशास्त्रज्ञ आणि स्वतः शुभंकर. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला, तेव्हा केंद्रीय आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणांवर शुभार्थींच्या आणि शुभंकरांच्या जागा वेगवेगळ्या ठेवल्या गेल्या. सक्तीच्या भरतीविरुद्धची तक्रार ज्या पुनर्विलोकन मंडळापुढे जाते, त्या ६ जणांच्या मंडळात मात्र २ जागांसाठी शब्द आहेत: मानसिक आजार असलेली व्यक्ती, ‘किंवा’ काळजीवाहू, ‘किंवा’ त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थेचा प्रतिनिधी. म्हणजे एकही शुभार्थी न घेता मंडळ कायदेशीररीत्या पूर्ण भरतं.