विमान कंपनी दिवाळखोरीत गेली की तिकीट रद्दी?

‘कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, म्हणजे विमाने जमिनीवर आणि तिकिटाचे पैसे बुडाले’ हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे आणि त्यामुळे प्रवाशांचे नुकसान होते.

अमेरिकन एअरलाइन्सने नोव्हेंबर 2011 मध्ये दिवाळखोरी संरक्षण, म्हणजे कर्जवसुलीपासून न्यायालयाचे तात्पुरते संरक्षण, मागितले, पण तिची उड्डाणे चालूच राहिली. कर्जाची फेररचना करून डिसेंबर 2013 मध्ये ती त्यातून बाहेर पडली. उलट, मे 2023 मध्ये गो फर्स्ट या भारतीय विमान कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि लगेच उड्डाणे थांबली. म्हणून आधी पाहायचे ते एवढेच, की विमाने उडत आहेत का?

उडत असतील तर घाबरून स्वतः तिकीट रद्द करू नका. तसे केल्यास परताव्याचा हक्क कमकुवत होतो. सेवा बंद पडली आणि पैसे कार्डाने भरले असतील, तर ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे परत, मागता येतो. त्याला मुदत असते, त्यामुळे लगेच अर्ज करा. कंपनीकडे थेट दावाही करता येतो, पण तिथे तारण घेऊन कर्ज दिलेल्या बँकांच्या मागे प्रवासी रांगेत असतात. प्रवास विम्यावर डोळे झाकून विसंबू नका, कारण अनेक पॉलिसींत कंपनी बुडण्याची जोखीम धरलेलीच नसते.