वृषण कर्करोगाचे बदलते प्रमाण

वृषणाचा कर्करोग नव्याने होणाऱ्या पुरुषांच्या प्रमाणात, साधारणपणे विसाव्या शतकाच्या मध्यापासून, दिसून आलेला बदल. या कर्करोगांपैकी सुमारे ९५ टक्के जननपेशींपासून (ज्यांपासून शुक्राणू तयार होतात त्या पेशींपासून) उद्भवतात. येथे त्यांचाच विचार केला आहे. एकूण कर्करोगांत हा विरळ असला, तरी अनेक देशांतील तरुण पुरुषांमध्ये तोच सर्वाधिक आढळतो.

वाढीचा सर्वांत सलग पुरावा डेन्मार्कमधील आहे. तेथील राष्ट्रीय कर्करोग नोंदणी १९४३ पासूनची असून तिच्या आधारे डॅनिश संशोधक योहानस क्लेमेसन यांनी १९६०च्या दशकात ही वाढ निदर्शनास आणली. दर लाख पुरुषांमागे वर्षाला तीन-चार रुग्ण असे आरंभीचे प्रमाण शतकाच्या अखेरीस नऊ-दहाच्या घरात गेले. पुढे तेथील वाढ मंदावली. नॉर्वेतील प्रमाणही असेच उच्च आहे. शेजारच्या फिनलंडमध्ये ते बराच काळ कमी होते व नंतर वाढले. आशिया व आफ्रिकेतील बहुतेक भागांत ते दोनपेक्षा कमी आढळते. केवळ निदान सुधारल्यामुळे आकडे फुगले, असे मानणे कठीण आहे. कारण ही गाठ हाताला लागते आणि फार काळ लपून राहत नाही.

कारणांबाबत मतभेद आहेत. रुग्णांची मांडणी निदानाच्या वर्षाऐवजी जन्मवर्षानुसार केली, की चित्र अधिक स्पष्ट होते : १९२० नंतर जन्मलेल्यांमध्ये धोका पिढीगणिक वाढत गेला. डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडनमध्ये मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जन्मलेल्यांमध्ये ही वाढ खुंटली. पोलंड, पूर्व जर्मनी व फिनलंडमध्ये असा खंड दिसला नाही. आजाराचे बीज जन्माच्या आसपासच रुजत असावे, असे यावरून वाटते. डॅनिश वैद्यक संशोधक नील्स स्काकेबेक यांनी १९७२ मध्ये वर्णिलेली कर्करोगपूर्व अवस्था या मताला बळ देते. तीतील पेशी गर्भातील जननपेशींसारख्या असतात. हा कर्करोग, न उतरलेले (जन्मवेळी अंडकोशात न आलेले) वृषण आणि शुक्राणूंचा निकृष्ट दर्जा यांचे मूळ वृषणाच्या सदोष गर्भकालीन वाढीत आहे, हे त्यांचे २००१ मधील प्रतिपादन. या तिन्ही गोष्टींचे मूळ एकच असल्याबद्दल काही संशोधक साशंक आहेत. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. रुग्णाच्या भावाला धोका स्पष्टपणे अधिक असतो. तथापि दोन-तीन पिढ्यांत झालेली वाढ केवळ जनुकांनी उलगडत नाही. डेन्मार्कमध्ये स्थलांतरित झालेल्यांचा धोका मूळ देशासारखाच कमी राहतो, पण तेथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांचा स्थानिकांच्या जवळ जातो. म्हणून गर्भकालीन परिस्थितीचे मत अधिक ग्राह्य वाटते. त्या परिस्थितीतील नेमका घटक, उदा., संप्रेरकसदृश रसायने, सिद्ध झालेला नाही.

मृत्यूचे प्रमाण उलट दिशेने गेले. अमेरिकन कर्करोगतज्ज्ञ लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ मध्ये सिसप्लॅटिन या कर्करोगविरोधी औषधाने युक्त अशी औषधयोजना वापरण्यास आरंभ केल्यावर पसरलेला आजारही बहुतांशी बरा होऊ लागला. पूर्व युरोपात ही घट उशिरा आली. २०२० मध्ये जगभरात अंदाजे ७४,५०० नवे रुग्ण व ९,३०० मृत्यू झाले.