संगणकनिर्मित आणि संगणक-संस्कारित चित्रप्रतिमा

चित्रपटातल्या विशेष दृश्यांसाठी संगणकाचा वापर दोन प्रकारे होतो. आकार, पृष्ठभाग आणि प्रकाश यांचे गणित मांडून कॅमेऱ्याशिवाय घडवलेली प्रतिमा संगणकनिर्मित. कॅमेऱ्याने टिपलेलेच चित्र संगणकात घेऊन बदलले, तर ती संगणक-संस्कारित. बोलताना मात्र दोन्हींना सरसकट ‘सीजी’ (कॉम्प्युटर ग्राफिक्स) म्हणतात आणि इतिहास सांगतानाही गल्लत होते.

‘वेस्टवर्ल्ड’ (१९७३) हे त्याचे ठळक उदाहरण. त्यातल्या यंत्रमानव बंदूकधाऱ्याला जग रंगीत ठोकळ्यांचे दिसते. ही दृश्ये नटांना घेऊन रीतसर चित्रित केली होती. नंतर प्रत्येक फ्रेमचे रंग वेगळे काढून ती स्कॅन केली, तिचे आयताकृती तुकडे पाडले आणि तुकड्यागणिक छटेनुसार रंग भरला. जॉन व्हिटनी ज्युनियर आणि गॅरी डेमॉस यांचे हे काम संस्करणाचे. संगणकाने त्यात नवे काही रेखाटले नाही. निर्मिती दिसते ती पुढच्या भागात, ‘फ्यूचरवर्ल्ड’ (१९७६) मध्ये. तिथे पडद्यावर झळकणारा त्रिमितीय हात एड कॅटमल यांचा. युटा विद्यापीठात शिकत असताना त्यांनी १९७२ मध्ये स्वतःच्या डाव्या हाताचा प्लास्टरचा साचा घेतला, त्यावर बहुभुज आखले आणि त्यांची मापे संगणकात भरली.

‘ट्रॉन’ (१९८२) तर संगणकाचाच चित्रपट मानला जातो. त्यात संपूर्ण संगणकनिर्मित दृश्ये जेमतेम पंधरा-वीस मिनिटांची आहेत. पोशाखांवरची झळाळी मोठ्या आकाराच्या फिल्मवर फ्रेममागून फ्रेम, मागून प्रकाश टाकून आणलेली. म्हणजे ती या दोन्हींत बसत नाही.

संस्करण यशस्वी झाले की दिसत नाही, म्हणून त्याची चर्चाही कमी. ‘फॉरेस्ट गंप’ (१९९४) मध्ये पाय गमावलेल्या लेफ्टनंट डॅनसाठी गॅरी सिनिझ यांनी निळे मोजे घातले होते. तेवढा भाग पुसून मागचे दृश्य भरले. ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ (२०००) मध्ये हिरवीगार मिसिसिपी संगणकावर वाळक्या पिवळ्या रंगात नेली.

आज एकाच शॉटमध्ये दोन्ही नांदतात. ‘जुरासिक पार्क’ (१९९३) मधले धावते डायनोसॉर घडवलेले, पण चित्रित दृश्यात ते बेमालूम मिसळणे, म्हणजे कम्पोझिटिंग, हे संस्करणच. मुंबईतल्या स्टुडिओंकडे हॉलिवूडचे काम आले ते बरेचसे याच बाजूने: रोटो (फ्रेममागून फ्रेम आकृतीची कड आखून ती वेगळी काढणे), पेंट (नको तो भाग रंगवून झाकणे), नटांना लटकवणाऱ्या तारा पुसणे, थ्रीडी रूपांतर (सपाट चित्राला खोली देणे). ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ (२०१०) चे थ्रीडी रूपांतर मुंबईच्या प्राइम फोकस या कंपनीचे.