डीएसएलआर जड, मिररलेस हलका: हे कितपत खरं?

आमच्या भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात लेन्स निघणाऱ्या कोणत्याही काळ्या कॅमेऱ्याला डीएसएलआरच म्हणतात. लग्नाचं पॅकेज ठरवताना नवरदेवाचा काका ‘डीएसएलआर आहे ना?’ एवढंच विचारतो आणि फोटोग्राफर हातातला मिररलेस दाखवून बिनधास्त ‘हो जी’ म्हणतो. तिथे दोघांचंही काही अडत नाही. अडतं ते पदरचे पैसे मोजताना. जुना कॅमेरा जड वाटतो, फटफटीवर बॅग लटकवून साकोलीहून नवेगावबांध गाठेपर्यंत खांदा अवघडतो, मग ‘आता छोटा मिररलेस घेऊ, वजन अर्धं होईल’ असा हिशोब मांडला जातो. हा हिशोब कधी बरोबर येतो, कधी साफ चुकतो.

दोन्ही कॅमेरे ओळखायची सोपी खूण आहे. कॅमेरा बंद असताना डोळा लावून पाहा. समोरचं दृश्य दिसलं तर डीएसएलआर, काळाकुट्ट अंधार दिसला तर मिररलेस. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश तिरप्या आरशावर आपटून वर जातो, तिथल्या प्रिझममधून (स्वस्त मॉडेलांत छोट्या आरशांच्या जोडणीतून) वळून आपल्या डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबलं की आरसा खटकन वर उचलला जातो आणि चित्र टिपणाऱ्या सेन्सरला प्रकाश मिळतो. त्या क्षणापुरतं आपल्याला काही दिसत नाही. मिररलेसमध्ये आरसाच नसल्यामुळे प्रकाश सरळ सेन्सरवर पडतो आणि सेन्सरला जे दिसतं ते आपण एका बारक्या स्क्रीनवर पाहतो. सेन्सर तोच असेल तर फोटोच्या दर्जात याने फरक पडत नाही. कॅननचा १५००डी आणि आर५० हे दोन्ही २४ मेगापिक्सेलचे. आरसा काढला म्हणून चित्र सुधारत नाही, आणि आरसा आहे म्हणून ते जास्त ‘प्रोफेशनल’ही होत नाही, लग्नातले काका काहीही म्हणोत.

आता वजन. बॅटरी आणि कार्डासकट १५००डी भरतो ४७५ ग्रॅम, आर५० भरतो ३७५. किटमधल्या (कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या) १८-५५ मिमी फोकल लांबीच्या, म्हणजे पल्ल्याच्या, लेन्सचे २०० ग्रॅम आणि आर५०च्या १८-४५ लेन्सचे १३० धरले तर पूर्ण जोडीत फरक येतो १७० ग्रॅमचा. कपभर चहाएवढा. निकॉनकडे तर उलटाच प्रकार आहे. डी३५०० हा डीएसएलआर बॅटरी-कार्डासकट ४१५ ग्रॅमचा आणि झेड५० हा मिररलेस ४५० ग्रॅमचा. नुसत्या बॉड्या तोलल्या तर इथे आरसावालाच हलका.

मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेमच्या कॅमेऱ्यांत हे आणखी ठळक दिसतं. कॅननचा ६डी मार्क टू ७६५ ग्रॅमचा आणि त्यावरची लग्नवाल्यांची आवडती २४-७० एफ/२.८ (दुसरी आवृत्ती; एफचा आकडा जितका लहान, तितकं प्रकाश आत घेणारं छिद्र मोठं) ८०५ ग्रॅमची. एकूण १५७० ग्रॅम. त्याऐवजी मिररलेस आर६ घ्या, ६८० ग्रॅम, आणि त्याची २४-७० एफ/२.८ जोडा, ९०० ग्रॅम. बेरीज १५८०. भरपूर पैसे मोजून दहा ग्रॅम वाढले! नव्या लेन्समध्ये हात हलल्याचा परिणाम कमी करणारी यंत्रणा आहे, जुन्या लेन्समध्ये ती नव्हती, त्यामुळे ही तुलना अगदी काटेकोर नाही. पण खांद्याला ते कारण सांगून काय उपयोग?

याचं कारण भूमितीत आहे. आरशाला हलायला जागा लागते म्हणून डीएसएलआरमध्ये लेन्स सेन्सरपासून लांब बसते. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये (लेन्स बसवायच्या खाचेत) हे अंतर ४४ मिलिमीटर आहे, निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५. आरसा गेल्यावर कॅननच्या आरएफमध्ये ते २० वर आलं, सोनीच्या ई माउंटमध्ये १८ वर आणि निकॉनच्या झेडमध्ये १६ वर. म्हणून बॉडी चपटी झाली. रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सनाही याचा फायदा होतो. पण लांब पल्ल्याच्या किंवा मोठ्या छिद्राच्या लेन्समध्ये काच केवढी लागणार हे सेन्सरचा आकार, फोकल लांबी आणि छिद्र यांवरच ठरतं. आरसा काढल्याने ती काच फारशी कमी होत नाही. निकॉनची डीएसएलआरसाठीची २००-५०० एफ/५.६ तिवईच्या कॉलरसकट २३०० ग्रॅमची, तर मिररलेससाठीची १८०-६०० कॉलरसकट २१४० ग्रॅमची. नागझिऱ्याच्या जिप्सीत चार तास बसल्यावर या दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचा फरक कुणाला जाणवणार नाही.

म्हणून ‘मिररलेस घेऊ का?’ या प्रश्नाआधी ‘सेन्सर केवढा आणि लेन्स कोणती?’ हा प्रश्न यायला हवा. वजन खरंच अर्ध्यावर आणायचं असेल तर एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा मिररलेस आणि त्याच सेन्सरसाठी बनवलेली छोटी लेन्स, अशी जोडी जमवायला लागते. लग्नाच्या कामाचंच बघा. निकॉनचा डी७५०० ७२० ग्रॅमचा आणि त्यावर सिग्माची १७-५० एफ/२.८ ५६५ ग्रॅमची, म्हणजे पावणेतेराशे ग्रॅमच्या वर. त्याजागी सोनीचा ए६४०० ४०३ ग्रॅमचा आणि सिग्माचीच मिररलेससाठीची १८-५० एफ/२.८ फक्त २९० ग्रॅमची. एकूण सातशेच्या आत. जवळजवळ निम्मी बचत लेन्सनेच केली. पण या जोडीत हात स्थिर ठेवणारी यंत्रणा ना बॉडीत आहे ना लेन्समध्ये. फोटोला ते चालून जातं. वरातीसोबत चालत व्हिडिओ काढणाऱ्याला मात्र त्रास होतो, आणि त्याने गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी दांडी) घेतला की वाचवलेलं वजन परत हातात आलंच.

पाखरांच्या फोटोंसाठी मिररलेसने जी वाट उघडली ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डीएसएलआरमध्ये फोकसचं काम आरशाखाली बसवलेला वेगळा सेन्सर करतो आणि त्याला बऱ्यापैकी प्रकाश लागतो. बहुतेक मॉडेलांत एफ/५.६ पर्यंतच्या लेन्सवरच तो भरवशाने चालतो, काही वरच्या मॉडेलांत एफ/८ पर्यंत. मिररलेसमध्ये मुख्य सेन्सरच फोकस करतो, त्यामुळे बारीक छिद्राच्या लेन्सही चालतात. म्हणूनच कॅननला ६३५ ग्रॅमची १००-४०० एफ/५.६-८ काढता आली, आणि २०२० साली ९३० ग्रॅमची ६०० एफ/११. डीएसएलआरच्या काळातली त्यांची चांगली १००-४०० दीड किलोच्या वर जाते. गोंदियाकडे सारसाची जोडी धानाच्या बांधीत उतरते, आणि तिच्या जवळ न जाता, लांबच्या धुऱ्यावर बसून फोटो काढायचा असतो. तिथे आर५० आणि ही १००-४०० मिळून एक किलो दहा ग्रॅम होतात. एवढं गळ्यात घालून माणूस दोन कोस चालू शकतो. किंमत मोजावी लागते ती उजेडात. एफ/८ला एफ/५.६च्या निम्माच प्रकाश मिळतो, एफ/११ला त्याच्याही निम्मा. डिसेंबरच्या सकाळी मामा (माजी मालगुजारी) तलावावर धुकं असताना आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, चढवावा लागतो आणि फोटोत दाणे येतात. ऊन वर आल्यावर मात्र तक्रारीला जागा उरत नाही.

फोकसचा फरक फक्त छिद्राचा नाही. १५००डीला फोकसचे नऊ बिंदू आहेत, तेही मधल्या भागात. आर५०सारखा कॅमेरा जवळजवळ पूर्ण चौकटीत फोकस करतो आणि माणसाचा किंवा पाखराचा डोळा स्वतः शोधून त्याला चिकटून राहतो. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असल्यामुळे कधीकधी तो थोडा पुढे किंवा मागे धरतो आणि लेन्स ‘जुळवून’ घ्यावी लागते. मिररलेसमध्ये ही भानगड सहसा येत नाही. पाहण्यातही तफावत आहे. मिररलेसमध्ये फोटो उजळ येणार की काळपट हे आधीच डोळ्यासमोर दिसतं, त्यामुळे नवशिक्या माणूस लवकर शिकतो.

पण शंकरपटाला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला जा. जोडी सुटल्यावर काही सेकंदांत खेळ खलास. डीएसएलआरमध्ये दिसतं ते खरं दृश्य, त्याच क्षणाचं. स्वस्त मिररलेसच्या स्क्रीनवर ते किंचित उशिरा येतं, आणि सलग फोटो काढताना चित्र अडखळतं. बैलांसोबत कॅमेरा फिरवत न्यायचा असेल तर मला अजून आरसावालाच सोयीचा वाटतो. त्यात मिररलेसचा बिनआवाजाचा इलेक्ट्रॉनिक शटर चुकून चालू राहिला तर सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि चाकं लंबगोल, बैलांचे पाय तिरपे येतात.

हाच बिनआवाजाचा शटर झाडीपट्टीच्या नाटकात वरदान आहे. वडशाच्या कंपन्यांची नाटकं दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर चालतात. करुण प्रवेशात पहिल्या रांगेतून डीएसएलआरचा खटक-खटक आवाज आला की बाया मागे वळून पाहतात. मिररलेस तिथे मुकाट काम करतो. फक्त मंडपात एलईडीचे दिवे असतील तर इलेक्ट्रॉनिक शटरने फोटोत आडवे काळे पट्टे उमटू शकतात. सुरुवातीलाच दोन-चार फोटो काढून मोठे करून पाहावेत, पट्टे दिसले तर मुकाट्याने आवाजाच्या शटरवर परतावं.

रात्रभर म्हटलं की बॅटरी आली, आणि इथे डीएसएलआर मिररलेसला लोळवतो. ठरलेल्या मोजणीप्रमाणे डी३५०० एका चार्जवर १५५० फोटो देतो, १५००डी ५००. झेड५० तीनशेच्या आसपास अडकतो. आर५० डोळा लावून वापरला तर २३० वर. प्रत्यक्षात सलग फोटो काढले तर आकडे बरेच वाढतात, पण प्रमाण साधारण हेच राहतं, कारण मिररलेसचा सेन्सर आणि स्क्रीन आपण नुसतं पाहत असतानाही जागे असतात. म्हणजे मिररलेससोबत दोन जादा बॅटऱ्या आल्याच. दिलासा एवढा की बऱ्याच नव्या मॉडेलांची बॅटरी यूएसबीने पॉवर बँकेवर चार्ज होते. काहींना त्यासाठी पीडी (पॉवर डिलिव्हरी) प्रकारची पॉवर बँक लागते. लाइन गेलेल्या गावात ही सोय लाखमोलाची.

धूळ आणि ऊन यांची नोंद कंपन्यांच्या जाहिरातीत नसते. धान चुरण्याच्या दिवसांत किंवा मुरमाच्या रस्त्यावर लेन्स बदलायची पाळी आली तर डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढे बंद शटर आणि आरसा असतो. बहुतेक स्वस्त मिररलेसमध्ये सेन्सर उघडाच दिसतो. काही महाग मॉडेलं कॅमेरा बंद करताना शटर मिटून घेतात. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की छोट्या बॉडीत लांबलचक ४के व्हिडिओ काढताना कॅमेरा तापून स्वतःच बंद पडू शकतो. आणि डोळा लावायची खिडकीच नसलेले मिररलेस, उदाहरणार्थ सोनीचा झेडव्ही-ई१०, घरात छान चालतात, पण दुपारच्या उन्हात मागच्या स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिसतो. आमच्याकडे उघड्या वावरात काम करणाऱ्याने खिडकीवालाच घ्यावा.

घरात जुन्या लेन्स असतील तर त्या नव्या बॉडीवर बसवणाऱ्या अडॅप्टरचा विचार मनात येतोच. ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर चांगल्या चालतात, फोकससकट. पण कॅननचा अडॅप्टर ११० ग्रॅमचा आहे. १५००डी सोडून आर५० घेतल्याने वाचले होते १००. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर फोकसची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स बसतात, पण ऑटोफोकस होत नाही. उलट्या दिशेने, म्हणजे मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर, काम जमतच नाही.

मग घ्यायचा कोणता? घरात काहीच नसेल, नव्याने सुरुवात असेल आणि हलकेपणा हवा असेल, तर एपीएस-सी मिररलेस, मात्र लेन्सही छोट्याच घ्यायच्या असं ठरवून. कॅनन आणि निकॉनचे शेवटचे नवे डीएसएलआर २०२० मध्ये आले, त्यानंतर दोघांचं लक्ष मिररलेसवरच आहे. नव्या लेन्स तिकडेच निघणार. घरात डीएसएलआर आणि तीन-चार लेन्स असतील आणि काम लग्नाचं असेल, तर नुसतं वजन कमी करायला बदलू नका. तेच पैसे एका हलक्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सवर घाला. बजेट अगदीच कमी असेल तर जुना डीएसएलआर आज स्वस्तात मिळतो. तो नागपूरच्या सीताबर्डीत घ्या की ओळखीच्याकडून, शटर किती वेळा चालला आहे ते तपासा, लेन्स उजेडासमोर धरून बुरशीचे धागे आहेत का पाहा, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या काचेला ती हमखास लागते.

आणि दुकानात जाताना घरची सगळ्यात मोठी लेन्स सोबत न्या. छोट्या बॉडीला पकड कमी असते. मोठ्या लेन्सने ती पुढे झुकते, आणि मोठ्या पंज्याच्या माणसाची करंगळी खाली लोंबकळत राहते. पाच मिनिटं तसंच धरून उभं राहा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.